स्कॅनर परवापर्यंत चालत होता, मग आता काय झालं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे. विंडोज १० बंद होणार म्हणून मुलाने दिवाळीत नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, त्यात विंडोज ११ आहे. आमच्याकडे कॅननचा एलबीपी २९००बी प्रिंटर आहे आणि ह्यांनी २००३ साली घेतलेला कॅनोस्कॅन लाइड २० स्कॅनर आहे. जुन्या कॉम्प्युटरवर, विंडोज १० वरच, दोन्ही परवापर्यंत ठणठणीत चालत होते. नव्यावर दोन्ही मुके झालेत. सीडी लावावी तर नव्या कॉम्प्युटरला सीडीचा खणच नाही.

गूगलवर प्रिंटरचं नाव टाकून पहिली आली ती साइट उघडली. तिथून ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, उतरलाच नाही, एक 'अपडेटर' निघाला. तो सांगतो, तुमचे ३७ ड्रायव्हर जुने आहेत, काही १९ वर्षांपूर्वीचे, एक तर १९६८ सालचा, १,८९९ रुपये भरा. दुसऱ्या साइटवर हेल्पलाइनचा नंबर होता, तो लावला. त्या माणसाने एक ॲप टाकायला सांगितलं, म्हणाला मी इथूनच बघतो. मी घाबरून फोन ठेवून दिला. शेजारचा मोबाइलवाला म्हणतो, विंडोजमधली सहीची तपासणी बंद करा, सगळं चालू होतं. भरीला भर म्हणजे भावजींच्या आडत दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा ज्या केबलने जोडतात ती नव्या लॅपटॉपला लावली की '२०१२ पासून बंद' असा काहीतरी इंग्रजी मजकूर येतो. हे सगळं भंगारात घालायचं का?

— एक वाचक, अकोले

उत्तर

ताई, फोन ठेवलात ते फार बरं केलंत. सर्चमध्ये प्रिंटरच्या नावाखाली जे हेल्पलाइन नंबर झळकतात, त्यातले पुष्कळ प्रिंटर कंपनीचे नसतात. पलीकडच्या माणसाला तुमच्या प्रिंटरशी देणंघेणं नसतं, त्याला तुमचा पडदा दिसायला हवा असतो. तुम्ही ॲप टाकलं नाही, म्हणजे तिथे काही बिघडलेलं नाही. पुढेमागे असं कुणाला पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

त्या अपडेटरचं मात्र आजच करून टाका. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून तो काढा. त्याच दिवशी त्याच्याबरोबर आलेलं अनोळखी काही असेल तर तेही काढा, तारखेने यादी लावली की लगेच दिसतं. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनवर एक नजर टाका. मग विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल, पंधरा-वीस मिनिटं जातील, तेवढ्यात दुकानाचं शटर अर्धं ओढून चहा घ्या.

त्या ३७ जुन्या ड्रायव्हरांची गंमत सांगतो. विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्टचे जे स्वतःचे ड्रायव्हर येतात, त्यांतल्या बहुतेकांवर २१ जून २००६ हीच तारीख असते. ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे. तारीख जुनी असली की कंपनीचा खास ड्रायव्हर आल्यावर विंडोज आपला बाजूला ठेवून कंपनीचा उचलतं. तारीख २००६ ची असली तरी आतला माल ताजा असू शकतो. आणि १९६८? इंटेल कंपनी १८ जुलै १९६८ ला स्थापन झाली, आणि आपल्या चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या, फायलींवर ती हीच तारीख घालते, कारण तेच. म्हणजे १९६८ सालचा ड्रायव्हर दाखवून १,८९९ रुपये मागणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला एकतर हे ठाऊक नाही, नाहीतर चांगलं ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर ड्रायव्हर अपडेटर हा प्रकार कुठल्याच कॉम्प्युटरवर नको. फुकट असो, विकत असो.

आता तुमचा खरा प्रश्न. विंडोज १० वर चालणारा स्कॅनर ११ वर का मुका होतो? जुना कॉम्प्युटर अजून असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जाऊन बघा. माझी जवळजवळ खात्री आहे की तिथे '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम' असं लिहिलेलं असेल. बिट म्हणजे कॉम्प्युटर एका दमात किती मोठा आकडा हाताळतो त्याचं माप. विंडोज १० दोन्ही प्रकारांत यायचं, ३२ आणि ६४. दुकानांमधून ज्याने कुणी सॉफ्टवेअर टाकलं, त्याने कमी मेमरी बघून किंवा हाताशी होती ती सीडी बघून ३२ टाकलेलं असायचं. विंडोज ११ मध्ये ३२-बिटचा प्रकारच नाही, आणि ६४-बिट विंडोजच्या गाभ्यात ३२-बिट ड्रायव्हर शिरूच शकत नाही. साधी ३२-बिट सॉफ्टवेअरं त्यावर चालतात, ड्रायव्हर नाही. लाइड २० साठी कॅननने ६४-बिट ड्रायव्हर कधी काढलाच नाही. त्यामुळे स्कॅनरच्या काचेखाली काही बिघडलेलं नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. जी गोष्ट जगात नाही ती तुम्ही शोधत होता, आणि अशा शोधावरच त्या साइटी जगतात. 'लाइड २० विंडोज ११ ६४-बिट' असं कुणीही टाइप केलं की त्या बिनदिक्कत 'आहे, उतरवून घ्या' म्हणतात.

प्रिंटरचं तसं नाही. त्याचा ६४-बिट ड्रायव्हर कॅननने काढलेला आहे, तेव्हा आधी तो उरकू.

हा प्रिंटर साधा-सरळ नाही हे लक्षात घ्या. मोठे ऑफिसचे प्रिंटर पानाचं वर्णन घेऊन ते स्वतः रंगवतात, म्हणून त्यांचं काम कुठल्याही सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागतं. २९००बी मधे ती अक्कल घातलेली नाही, म्हणून तर तो स्वस्त होता. सगळं पान कॉम्प्युटर तयार करतो आणि कॅननच्या स्वतःच्या 'कॅप्ट' नावाच्या भाषेत प्रिंटरला पाठवतो. एचपीचा १०२० आणि हा एकाच वळणाचे, दोघांची कार्ट्रिजही सारख्याच घडणीची, पण ड्रायव्हर अदलाबदल करून चालत नाहीत. त्यामुळे 'दुसऱ्या एखाद्या लेझरचा टाकून बघा' हा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या.

ड्रायव्हर कॅनन इंडियाच्या साइटवरूनच घ्या. ती साइट खरी कशी ओळखायची? पत्त्यात 'कॅनन' हा शब्द असणं पुरेसं नाही, तो कुणीही घालतो. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते वाचा. कॅननने इंटरनेटवर 'डॉट कॉम'सारखं स्वतःचं 'डॉट कॅनन' हे शेपूटच घेतलेलं आहे, ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. भारताची साइट 'इन डॉट कॅनन' आहे. रेघेच्या आधी हे शेपूट असेल तर साइट कॅननची. 'कॅनन-ड्रायव्हर-अमुक डॉट कॉम' असेल तर दुसऱ्याच्या दारावर कॅननची पाटी लावलेली आहे. सर्चमध्ये ज्यांच्यावर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं तिथे बोटच लावू नका. पत्ता वर स्वतः टाइप करा.

सपोर्टमध्ये मॉडेलचा नंबर टाकल्यावर विंडोज ११ दिसलं नाही तर विंडोज १० चा ६४-बिट निवडा, तो सहसा ११ वर बसतो. आणि बसवताना क्रम पाळा, निम्मी मंडळी इथेच अडकतात. आधी प्रिंटरची यूएसबी केबल काढून ठेवा. उतरवलेली फाइल सोडवली (एक्स्ट्रॅक्ट केली) की आतला सेटअप चालवा, 'यूएसबीने जोडून' हा पर्याय घ्या, आणि केबल लावून प्रिंटर चालू करा असं पडद्यावर आलं की मगच ते करा. प्रिंटर आधीच जोडलेला असेल तर विंडोज आपल्या मनाने काहीतरी नाव देऊन मोकळं होतं आणि सेटअप वाट बघत बसतो. तरी अडलं तर निळ्या यूएसबी पोर्टऐवजी मागच्या काळ्या पोर्टात लावून बघा.

फाइल खरी आहे का हेही बघता येतं. सोडवलेल्या फोल्डरात नावाच्या शेवटी 'आयएनएफ', 'एसवायएस' आणि 'सीएटी' असलेल्या फायली दिसतील, प्रत्येक ड्रायव्हरमध्ये तिन्ही असतीलच असं नाही. आयएनएफ म्हणजे ड्रायव्हर कुणासाठी आहे, कुठे ठेवायचा याची चिठ्ठी, एसवायएस म्हणजे प्रत्यक्ष ड्रायव्हर, आणि सीएटी म्हणजे या सगळ्यावर मारलेलं मोहोरबंद सील. सीएटी फाइल उघडून सही बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट विंडोज हार्डवेअर कंपॅटिबिलिटी पब्लिशर' असेल तर मायक्रोसॉफ्टची सही होऊन ती आलेली आहे. सील मारल्यावर चिठ्ठीतलं एक अक्षर जरी कुणी बदललं तरी सील तुटतं.

हे तुमच्या मोबाइलवाल्या शेजाऱ्यासाठी सांगितलं. त्याचा सल्ला अगदीच हवेतला नाही. जुन्या स्कॅनरांच्या बाबतीत लोक असं करतात की जवळच्या मॉडेलचा ६४-बिट ड्रायव्हर घ्यायचा, आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून आपल्या मॉडेलचा नंबर घुसवायचा, सील तुटलं म्हणून विंडोज नाही म्हणतं, तर मग तपासणीच बंद करायची. कधीकधी चालतं देखील. पण ६४-बिट विंडोजमध्ये २००७ च्या व्हिस्टापासून ही तपासणी का सक्तीची आहे ते बघा. ड्रायव्हर हा दुकानात आलेलं गिऱ्हाईक नव्हे, तो आतल्या खोलीत, कपाटाच्या किल्ल्या हाताशी असलेला माणूस असतो. अँटीव्हायरसलाही तो गप्प करू शकतो. एका स्कॅनरसाठी तपासणी कायमची बंद ठेवली, तर त्या दारातून पुढे कोण येईल त्यालाही कुणी विचारणार नाही.

आणि तुमच्या कॉम्प्युटरवर दिवसभर कुणाचे कागद असतात? आधार, सातबारा, पासबुकाची पानं, प्रतिज्ञापत्रं. घरच्या कॉम्प्युटरवर एखाद्याने हा जुगार खेळला तर मी फार बोलणार नाही. तुम्ही खेळू नका.

विंडोज सिक्युरिटीतल्या 'कोअर आयसोलेशन'मधला, घातक ड्रायव्हरांपासून विंडोजचा गाभा राखणारा मेमरी इंटिग्रिटीचा खटका बंद करा, असाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तोही चालूच राहू द्या. जुना ड्रायव्हर प्रामाणिक कंपनीचा असला तरी त्यात जुनी भोकं असतात, आणि खंडणी मागणारे व्हायरस असे सहीवाले जुने ड्रायव्हर शोधून, सोबत आणून वापरतात. याचं ताजं उदाहरण बघा. डायल-अपच्या जमान्यातल्या एगिअर फॅक्स मॉडेमचा ड्रायव्हर विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपोआप येत होता. त्यातल्या एका भोकाचा गैरवापर चालू आहे हे कळल्यावर मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये तो ड्रायव्हर दुरुस्त केला नाही, काढूनच टाकला. ज्यांचे फॅक्स मॉडेम त्यावर होते ते त्या दिवशी बंद पडले. मायक्रोसॉफ्टने जुन्या मशीनपेक्षा सगळ्यांची सुरक्षितता वरचढ मानली, आणि माझ्या मते बरोबर केलं.

एक गोष्ट शिकून ठेवा, पुढे कुठल्याही वस्तूला उपयोगी पडेल. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. जिच्यावर पिवळं चिन्ह आहे ती वस्तू उघडा, डिटेल्समध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे व्हीआयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक आणि पीआयडी म्हणजे वस्तूचा क्रमांक दिसतो. कॅननचा ०४ए९, तुमच्या स्कॅनरचा २२०डी. वस्तूवरचं नाव खोटं असू शकतं, स्टिकर बदलता येतो, पण ड्रायव्हर जुळतो तो या क्रमांकांवर. हा आयडी घेऊन मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगच्या साइटवर शोधा. विंडोज अपडेटमधून जे ड्रायव्हर वाटले जातात ते तिथे एकेकटे मिळतात, फुकट. तिथे 'एएमडी६४' लिहिलेलं असेल तर दचकू नका, इंटेलच्या ६४-बिट कॉम्प्युटरलाही तोच. त्याआधी विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' बघायला विसरू नका, कित्येकदा हवा तो ड्रायव्हर तिथे बापडा वाट बघत पडलेला असतो. कंपनीची साइट, विंडोज अपडेट आणि हा कॅटलॉग, या तीन ठिकाणी नसेल तर चौथं ठिकाण शोधू नका.

मग स्कॅनरचं काय? ड्रायव्हर नाही म्हणजे स्कॅनर मेला असं नाही. मी तुमच्या जागी असतो तर जुन्या कॉम्प्युटरला कामाला लावलं असतं. अबाउटच्या त्याच पानावर '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम'च्या पुढे 'एक्स६४ प्रोसेसर' असं लिहिलं असेल, तर त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, चालेल. मेमरी ४ जीबी असली तर बरं, २ वर रडतखडत. लिनक्समध्ये स्कॅनरसाठी 'सेन' नावाची जुनी, उघड (ओपन-सोर्स) व्यवस्था आहे, तिच्यातला 'प्लसटेक' हा भाग तुमच्या लाइड २० शी बोलतो. सीडी नको, ड्रायव्हर उतरवणं नको. त्यातही काही पुसायच्या आधी खात्री करून घेता येते. मिंट पेनड्राइव्हवर घालून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा, हार्डडिस्कला हात न लावता तो तसाच चालतो. स्कॅनर जोडा, 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडा, एक रेशनकार्ड स्कॅन करून बघा. जमलं तर पुढचं. मुलाला एक रविवार पुरेल. प्रिंटर मात्र लिनक्सला लावायच्या भानगडीत पडू नका, कॅप्टशी तिथे झटापट करावी लागते, तो नव्या विंडोजवरच राहू द्या.

दुसरी वाट म्हणजे व्ह्यूस्कॅन. हॅमरिक नावाची छोटी कंपनी १९९८ पासून हे सॉफ्टवेअर विकते आहे, आणि जुन्या स्कॅनरांशी बोलण्याची सोय त्यांनी स्वतः लिहिलेली आहे. ते विंडोज ११ वरच चालेल. पैसे पडतात, पण आधी फुकट चालवून बघता येतं, फक्त स्कॅनवर ठसा उमटतो. स्कॅनर चालतोय हे दिसल्यावरच पैसे भरा, आणि तेही त्यांच्याच साइटवर. 'क्रॅक' केलेली प्रत कुणी पेनड्राइव्हवर आणून दिली तर तो अपडेटर परवडला म्हणायची वेळ येईल. नॅप्स२ नावाचं एक चांगलं फुकट सॉफ्टवेअरही कुणी सुचवेल, पण विंडोजवर त्याला आधी ड्रायव्हर लागतोच, तेव्हा तुमच्या अडचणीला त्याचा उपयोग नाही.

जुना कॉम्प्युटर जसा आहे तसाच, विंडोज १० सकट, फक्त स्कॅनसाठी ठेवायचा असेल तर त्याची नेटची केबल काढून टाका. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत. अशा मशीनवर ब्राउझर उघडायचा नाही, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावायचा नाही. दुकानात हे पाळणं किती अवघड आहे ते तुम्हीच जाणता. आणि रोज पन्नास-साठ कागद स्कॅन होत असतील तर सरळ नवा स्कॅनर घ्या. लाइड २० एक पान घ्यायला जो वेळ लावतो, तेवढ्यात समोरचा माणूस दोनदा 'झालं का?' विचारतो.

भावजींच्या केबलची गोष्ट वेगळी आहे. काट्याची जुनी गोल पिनांची जोडणी यूएसबीत आणणाऱ्या त्या केबलमध्ये एक चिप असते, बहुतेक प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ किंवा तिची नक्कल. जुन्या चिप २०१२ पासून बंद केल्या, विक्रेत्याला विचारा, असा मजकूर प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरमधूनच येतो. एक कारण नकली चिपांचा सुळसुळाट. २०१४ मध्ये एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीने तर नकली चिप ओळखून तिचा पीआयडी पुसून शून्य करणारा ड्रायव्हर काढला होता, तो विंडोज अपडेटमधून आला आणि लोकांच्या केबली रातोरात निकामी झाल्या. केवढा ओरडा झाला, मग तो मागे घ्यावा लागला. जुना २००८ चा ड्रायव्हर शोधून बसवण्याची युक्ती नेटवर सापडेल, पण विंडोज अपडेट पुन्हा नवा आणून बसवतं आणि ऐन बाजाराच्या दिवशी काटा बोलायचा थांबतो. काही शे रुपयांची केबल आहे. एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपची नवी घ्या, बिल घ्या, आणि काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोज त्या केबलला देतं त्या जोडणीचा, नंबर बदलला असेल तो नीट करा. भंगारात घालण्यासारखं एवढंच.

प्रिंटर चालू झाला की उतरवलेला ड्रायव्हर मॉडेलचं नाव आणि तारीख घालून एका पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तो पेनड्राइव्ह गल्ल्यात. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे की छपाईसाठी कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर वाटणं ते टप्प्याटप्प्याने बंद करणार आणि विंडोजचा स्वतःचा एकच ड्रायव्हर पुढे आणणार. तो नव्या प्रिंटरांना समजतो, २९००बी ला नाही. कंपनीच्या साइटवरून घेतलेला सेटअप बसवायला त्यात आडकाठी नाही, पण ती फाइल साइटवर कायम राहील याची हमी कोण देणार? प्रिंटर सेटिंग्जमध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' दिसला तर तो चालू करू नका, केलात तर २९००बी यादीतून गायब होईल.

आणि हो, मिंटवर स्कॅनर चालेना असं झालं तर आधी तो उलटा करून बघा. लाइड २० च्या पोटाखाली एक छोटं सरकतं कुलूप असतं, हलवताना आतला दांडा धक्का खाऊ नये म्हणून. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा टेबल आवरताना कुणीतरी ते सरकवलेलं असायचं. त्याला वेगळी वीज नसते, सगळी यूएसबीतूनच घेतो, म्हणून केबल सीपीयूच्या मागच्या पोर्टात लावा, हबला नको.